सायकल-सहल : सहप्रवासाचा धर्म

(दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून गाणगापूरकडे सायकलने निघालेल्या मित्रमंडळींसमोर मैंदर्गी येथील मुक्कामी झालेल्या भाषणाचा मजकूर)



अक्कलकोट तालुक्यात नगरपालिका असलेली गावे तीन : अक्कलकोट, मैंदर्गी आणि दुधनी. अक्कलकोटहून गाणगापूरला जाणारा दत्तभक्तांचा मार्ग या तिन्ही गावांना जोडतो. अक्कलकोट ही श्री स्वामी समर्थांची समाधिभूमी. १८७८ साली त्यांनी तेथे देह ठेवला. गाणगापूर हे श्री नृसिंह सरस्वतींच्या वास्तव्याने पावन झालेले, भीमा-अमरजा संगमावरील क्षेत्र. या दोन स्थानांच्या मधल्या वाटेवर मैंदर्गी आहे. पायी जाणारे, बैलगाडीने जाणारे, एस.टी.ने जाणारे, असे किती यात्रिक या गावाने पाहिले असतील याची गणना नाही. गेल्या काही वर्षांत त्यांत सायकलस्वारांची भर पडली आहे.

पुण्याहून सोलापूर सुमारे अडीचशे किलोमीटर, सोलापूरहून अक्कलकोट सुमारे चाळीस, आणि तेथून मैंदर्गी सायकलने तासाभराच्या आत. चार दिवसांत हा पल्ला ओलांडणारा समूह जेव्हा मैंदर्गीत विसावतो, तेव्हा त्याच्यासमोर केवळ अर्ध्या दिवसाची वाट उरलेली असते. प्रवासाचा कठीण भाग संपला, असे सर्वांना वाटू लागते. वस्तुतः याच मुक्कामी काही गोष्टींचा शांतपणे विचार होणे आवश्यक असते. समूहाने निघालेले लोक समूहानेच पोहोचणार आहेत का, हा त्यातील पहिला प्रश्न होय.

तिसऱ्या दिवसाची परीक्षा

पहिल्या दिवशी उत्साह असतो. हडपसर मागे पडते, रस्ता मोकळा होतो, नव्या कपड्यांचा आणि नव्या सायकलींचा आनंद असतो. भिगवणजवळ उजनीच्या जलाशयाचे पाणी दिसू लागते आणि थकवा विसरायला होतो. दुसऱ्या दिवशी अंग दुखते, पण सर्वांचेच दुखते, म्हणून त्याचे काही वाटत नाही. खरी कसोटी तिसऱ्या दिवशी लागते. कोणाचा गुडघा कुरकुरू लागतो, कोणाच्या तळहातांना मुंग्या येतात, कोणाला बैठकीच्या जागी जखम होते. समूहाचे दोन तुकडे पडतात. पुढचे चौघे टेंभुर्णीच्या पुढे चहाच्या टपरीवर थांबून हसत असतात. मागचा एकटा वाऱ्याशी झगडत येत असतो. तो पोहोचला की पुढचे म्हणतात, ‘आलास? चला, निघू या.’ ज्यांना विश्रांतीची गरज कमी होती त्यांना अर्धा तास विश्रांती मिळालेली असते, आणि ज्याला ती सर्वाधिक हवी होती त्याला पाणी पिण्याइतकाही अवकाश मिळत नाही.

ही गोष्ट दिसायला क्षुल्लक आहे. परंतु सामूहिक प्रवासातील बहुतेक कटुता येथूनच जन्माला येते. मागे पडलेला मनुष्य तोंडाने तक्रार करीत नाही. तो ‘तुम्ही व्हा पुढे’ असे म्हणतो, आणि पुढचे त्याचे शब्द अक्षरशः खरे मानतात. मग तो थकवा लपविण्यासाठी आपल्या शक्तीपलीकडे पायडल मारू लागतो, पाणी पिण्यासाठी थांबत नाही, उतारावर ब्रेक लावायचे टाळतो. अपघात नेमका अशा वेळी होतो. म्हणजे मागच्याची वाट पाहणे हा केवळ शिष्टाचाराचा विषय राहत नाही, तो सुरक्षिततेचा विषय होतो.

सहा निघाले, तिघे पोहोचले

आपल्या महाराष्ट्राच्या भूमीवरून निघालेल्या एका विलक्षण सायकलप्रवासाचे स्मरण येथे उचित ठरेल. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवरून जगप्रदक्षिणेला निघाले. आदी हकीम, जाल बापासोला, रुस्तम भुमगरा, गुस्ताद हाथीराम, केकी पोचखानावाला आणि नरिमन कापडिया ही त्यांची नावे. सर्व विशीतले आणि सर्व मुंबईतील एका व्यायाममंडळाचे सदस्य होते. त्या काळी आजच्यासारखे गिअर नव्हते, वजनाला हलक्या सायकली नव्हत्या, वाट दाखविणारे यंत्र नव्हते आणि घरी निरोप पोहोचायला आठवडे लागत.

पंजाब, बलुचिस्तान, इराण, इराक, सीरिया, इजिप्त, युरोप, अमेरिका, जपान, कोरिया, चीन, सयाम, ब्रह्मदेश असा मार्ग आक्रमून हे तरुण १८ मार्च १९२८ रोजी मुंबईस परतले. सुमारे ७१,००० किलोमीटरचा हा प्रवास चार वर्षे पाच महिने चालला. परतले मात्र तिघेच : हकीम, बापासोला आणि भुमगरा. कापडिया वैयक्तिक कारणामुळे तेहरानहून मागे फिरले. हाथीराम अमेरिकेतच स्थायिक झाले. पोचखानावालाही तेथूनच स्वदेशी परतले. उरलेल्या तिघांनी आपल्या प्रवासाचे जे पुस्तक लिहिले ते १९३१ साली प्रसिद्ध झाले आणि अनेक दशकांनंतर त्याची नवी आवृत्तीही निघाली.

या वृत्तान्ताकडे दोन प्रकारे पाहता येते. वाळवंटे आणि आल्प्स ओलांडणाऱ्या तिघांचा पराक्रम हा पहिला प्रकार. तो तर वंदनीय आहेच. परंतु दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. सहा जण एकत्र निघाले आणि वाटेत तिघांची वाट वेगळी झाली. जो तेहरानहून फिरला त्यानेही मुंबई ते तेहरान हे अंतर सायकलने कापले होते. त्याला अपयशी कोण म्हणेल? साडेचार वर्षांच्या प्रवासात ज्याला परतावेसे वाटले त्याला परतण्याची मोकळीक असणे आणि ज्यांना पुढे जायचे होते त्यांनी पुढे जाणे, या दोन्ही गोष्टी एकाच मैत्रीत बसू शकतात. अट एवढीच की, निर्णय उघडपणे, बोलून व्हावा. एखादा सहप्रवासी कोणाच्याही नकळत मागे सुटणे आणि त्याने विचारपूर्वक परत फिरणे यांत महदंतर आहे.

चार वर्षांच्या प्रवासात जे क्षम्य असते ते चार दिवसांच्या सहलीत मात्र क्षम्य ठरत नाही. जगप्रदक्षिणेत वाटा फुटतात, कारण आयुष्येच वेगळी होतात. पुणे ते गाणगापूर या वाटेवर मागचा मनुष्य केवळ दोन किलोमीटर मागे असतो. त्याच्यासाठी थांबायला दहा मिनिटे लागतात.

दिंडीची रचना

समूहाने चालण्याचे शास्त्र महाराष्ट्राने बाहेरून शिकावे, असे काही नाही. पंढरीची वारी हे त्याचे जिवंत विद्यापीठ आहे. आळंदीहून निघणाऱ्या पालखीत रथापुढील आणि रथामागील दिंड्यांना क्रमांक असतात. प्रत्येक दिंडीचे स्थान ठरलेले असते, चालण्याची आणि विसाव्याची वेळ ठरलेली असते. लाखोंच्या गर्दीत चुकलेली वृद्ध माउली ‘रथामागे अमुक क्रमांक’ एवढे सांगू शकली की, तिला तिच्या माणसांपर्यंत पोहोचविले जाते. विणेकरी, टाळकरी, पाण्याचा हंडा घेतलेली स्त्री, सामानाच्या गाडीबरोबर आधी पुढे जाऊन स्वयंपाकाची व्यवस्था लावणारे, प्रत्येकाचे काम नेमलेले असते. वेगवान वारकरी आपला वेग मिरविण्यासाठी दिंडी सोडून पुढे धावत नाही. नाशिकसह अनेक शहरांतील सायकलस्वार अलीकडे सायकलने पंढरीची वारी करू लागले आहेत. त्यांनाही शेवटी या जुन्या रचनेचाच आश्रय घ्यावा लागतो.

आठ-दहा जणांच्या सायकल-सहलीतही कामांची अशीच वाटणी हवी. एक जण वाट दाखविणारा. एक जण शेवटचा, ज्याच्या मागे कोणीही असता कामा नये. पंक्चर काढण्याचे साहित्य, दोन-तीन जादा ट्यूब आणि हवा भरण्याचा पंप याच्याच जवळ असावा, कारण ज्याची सायकल बिघडते तो बहुधा मागे असतो. पुढच्याजवळ पंप असून उपयोग काय? एक जण हिशेब पाहणारा, एक जण औषधांची पेटी सांभाळणारा. दर पंधरा-वीस किलोमीटरवर थांबा ठरवावा आणि शेवटचा मनुष्य आल्यानंतर दहा मिनिटे मोजण्यास प्रारंभ करावा. पहिला आल्यानंतर नव्हे. एवढा एक नियम पाळला तरी सहलीतील निम्मे रुसवेफुगवे नाहीसे होतील.

वाऱ्याचा हिशेब

पुण्याहून सोलापूरकडे येणाऱ्या मार्गात घाट नाही. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच, तर सोलापूर सुमारे ४६० मीटर. म्हणजे एकूण उतारच. तरीही हा प्रवास सोपा नाही, याचे कारण वारा. दिवाळीनंतर दख्खनच्या पठारावर ईशान्येकडून वारे वाहू लागतात आणि पूर्वेकडे तोंड करून निघालेल्या सायकलस्वाराला ते आडवे येतात. उघड्या माळावर, काळ्या रानावर, तुरीच्या आणि ज्वारीच्या शेतांमधून जाणाऱ्या रस्त्यावर त्यांना अडविणारे काही नसते.

सपाट रस्त्यावर ताशी वीस-पंचवीस किलोमीटर वेगाने जाताना सायकलस्वाराची बहुतांश शक्ती हवेचा अडथळा सारण्यात खर्च होते. वेग दुप्पट केला तर हा अडथळा चौपट होतो आणि त्यावर मात करण्यासाठी लागणारी शक्ती आठपट होते. पुढच्या सायकलच्या मागे राहिले की मागच्याचे श्रम लक्षणीय प्रमाणात कमी होतात. उजनीच्या जलाशयावर हिवाळ्यात येणारे पट्टकादंब हंस हे तत्त्व जाणतात. त्यांच्या बाणाकृती रांगेत पुढच्याच्या पंखांनी उचललेल्या हवेचा आधार मागच्याला मिळतो. पुढचा थकला की तो मागे येतो आणि दुसरा पुढे होतो. सायकलस्वारांनीही असेच आळीपाळीने पुढे यावे. ज्याचे पाय बळकट त्याने पुढे अधिक वेळ राहावे. बळ आहे म्हणून सुटून जावे, हा बळाचा उपयोग नव्हे. बळ आहे म्हणून इतरांचा वारा अंगावर घ्यावा, हा त्याचा उपयोग.

येथे एक सावधगिरी अत्यावश्यक आहे. शर्यतीतील स्वार चाकाला चाक भिडवून जातात, कारण त्यांचा रस्ता मोकळा ठेवलेला असतो आणि त्यांचा सराव वर्षांचा असतो. हौशी स्वाराने पुढच्या चाकापासून एका सायकलीइतके तरी अंतर ठेवावे. आपले पुढचे चाक दुसऱ्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला कधीही येऊ देऊ नये. खड्डा, खडी, कुत्रे, थांबलेले वाहन, यांची सूचना पुढच्याने हाताने व मोठ्याने द्यावी आणि प्रत्येकाने ती मागे पोहोचवावी.

सहकार्याने काय साध्य होते याचे अलीकडचे उदाहरण नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंचे. २०१५ साली अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची सुमारे ४,८०० किलोमीटरची स्पर्धा या दोघांनी ८ दिवस १४ तास ५५ मिनिटांत पूर्ण केली. एक सायकल चालवीत असे तेव्हा दुसरा विश्रांती घेत असे. भावाने रस्त्यावर काढलेला प्रत्येक तास म्हणजे आपल्याला मिळालेली झोप, हा हिशेब ज्याला उमगला त्याला संघभाव वेगळा शिकवावा लागत नाही. एकटीने जाणाऱ्यांचेही एक क्षेत्र आहे. २०१८ साली वेदांगी कुलकर्णी या मराठी तरुणीने १५९ दिवसांत सुमारे २९,००० किलोमीटर अंतर सायकलने पार केले. तो तिचा स्वतःशी असलेला करार होता. मित्रांबरोबर निघणाऱ्याचा करार मात्र मित्रांशी असतो. दोहोंची गल्लत करू नये.

रस्त्यावरचा मृत्यू

२०२२ या एका वर्षात भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. एखाद्या मध्यम आकाराच्या शहराची ही लोकसंख्या आहे. सुट्टीच्या आनंदात या संख्येचा उच्चार अनेकांना अप्रिय वाटतो, परंतु पालकांच्या मनात नेमका हाच विचार असतो आणि तो अनाठायी नसतो.

सोलापूर जिल्हा साखर कारखान्यांचा आहे. गळीत हंगाम सुरू झाला की, रस्त्यांवर उसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या येतात. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, बाहेर आलेली उसाची टोके आणि पुष्कळदा मागे दिवाही नाही. पहाटेच्या धुरकट प्रकाशात अशी ट्रॉली रस्त्याच्या कडेला उभी असली तर ती वीस पावलांवर येईपर्यंत दिसत नाही. म्हणून अंधारात सायकल चालवूच नये, हा पहिला नियम. चालवावीच लागली तर पुढे पांढरा दिवा, मागे लाल दिवा आणि अंगावर प्रकाश परावर्तित करणारे जाकीट हवे. एके काळी नगरपालिकेचा पितळी बिल्ला आणि रात्रीचा दिवा नसेल तर पोलीस सायकल अडवीत. तो कायद्याचा जाच वाटे. आज अडविणारे कोणी नाही, म्हणून दिव्याची गरज संपली असे नाही.

हेल्मेट उन्हात डोक्याला गरम होते, हे खरे. ते हँडलला अडकवून चालणारे अनेक असतात. डोके फुटताना हँडलवरचे हेल्मेट कामाला येत नाही. महामार्गावर दोघांनी गप्पा मारीत शेजारी-शेजारी जाणे, चालत्या ट्रॉलीला धरून जाणे, कानात गाणी घालून जाणे, या गोष्टी समूहाने निःसंकोचपणे निषिद्ध ठरवाव्यात. ज्येष्ठ असो वा कनिष्ठ, जो नियम मोडेल त्याला थांबविण्याचा अधिकार शेवटच्या मनुष्याला असावा.

आणखी एक कठीण नियम आहे. परतण्याचा निर्णय आधी ठरवून ठेवावा. छातीत दुखले, चक्कर आली, घाम येणे थांबले, उलटी झाली, सांधा सुजला, तर तो मनुष्य त्या दिवशी सायकलवर बसणार नाही, हे निघण्यापूर्वीच सर्वांनी मान्य करावे. प्रसंग आल्यावर ठरवू म्हटले तर अभिमान आडवा येतो. ‘इतके आलो, आता थोडक्यासाठी कसे सोडायचे?’ या एका वाक्याने जितके अनर्थ केले तितके खड्ड्यांनीही केले नसतील. अशा मनुष्याबरोबर एकाने थांबावे आणि दोघांनी एस.टी.ने वा जीपने पुढे यावे. त्यात कोणाचाही कमीपणा नाही. रात्री मुक्कामावर जेवणाच्या पंगतीत सर्व जण असणे, हे सहलीच्या यशाचे खरे माप होय.

फ्रान्समधून आलेल्या दीर्घ पल्ल्याच्या सायकल-परंपरेत, जिचे शेकडो अनुयायी आज महाराष्ट्रातही आहेत, २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास, ३०० साठी वीस, ४०० साठी सत्तावीस आणि ६०० साठी चाळीस तास दिले जातात. त्यात पहिला-दुसरा क्रमांक नसतो. वेळेत येणारा प्रत्येक जण सारखाच उत्तीर्ण. स्पर्धेविना पराक्रम असू शकतो, हे त्या परंपरेने मान्य केले आहे.

शरीर आणि शिदोरी

शरीराचे काही साधे नियम आहेत. तहान लागण्यापूर्वी प्यावे आणि भूक लागण्यापूर्वी खावे. तासाला साधारण अर्धा ते पाऊण लिटर पाणी लागते, पण नुसते पाणी पीत राहणे हितावह नाही. घामाबरोबर मीठही जाते. लिंबू-मीठ-साखरेचे सरबत किंवा मीठ घातलेले ताक हे त्यावर उत्तम उपाय आहेत आणि या मुलखात ते कोणत्याही वाटेवर मिळतात. सोलापूरची ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी दिवसभर टिकते, तुकड्या-तुकड्याने खाता येते आणि अंगी लागते. दुपारी पोटभर जेवून लगेच निघणे मात्र टाळावे.

सायकल आपल्या मापाची असावी. पायडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली की पाय सरळ व्हावा, एवढी बैठकीची उंची असावी. ती कमी राहिली की गुडघ्यावर ताण येतो. जड गिअरमध्ये जोर लावण्यापेक्षा हलक्या गिअरमध्ये पाय भरभर फिरवावेत. ब्रेक, चेन आणि टायरमधील हवा यांची तपासणी रोज सकाळी निघण्यापूर्वी व्हावी. पंक्चर काढता न येणाऱ्याने मोठ्या सहलीला निघणे म्हणजे पोहता न येणाऱ्याने नदीत उतरण्यासारखे आहे. घरच्या अंगणात ते एकदा-दोनदा करून पाहिले की पुरे.

ज्यांच्यासाठी सायकल ही हौस नाही

मैंदर्गी परिसर हा भाषांच्या संगमाचा प्रदेश आहे. घरात कन्नड, कचेरीत मराठी, बाजारात दोन्ही, असे येथील कित्येक कुटुंबांचे व्यवहार चालतात. पुण्याहून आलेल्या तरुणाने पाण्यासाठी दारात उभे राहावे आणि घरातल्या आजींनी ‘ऊट आयतेन्री?’, म्हणजे जेवण झाले का, असे विचारावे, हा या सीमेवरील शिष्टाचार आहे. प्रवाशाने ‘नीरु’ हा पाण्यासाठीचा शब्द शिकून घेतला तरी यजमानाचा चेहरा उजळतो. सायकलस्वाराला मोटारीच्या काचा नसतात. त्यामुळे माणसाशी बोलल्यावाचून त्याचा प्रवास होऊच शकत नाही. ही सायकलची मोठीच देणगी होय.

परंतु त्याबरोबर एक उत्तरदायित्वही येते. साठ-सत्तर हजारांच्या सायकलवरून, चकचकीत कपड्यांत जाणारा स्वार ज्या रस्त्याने जातो, त्याच रस्त्याने जुन्या काळ्या सायकलच्या कॅरिअरला दुधाच्या किटल्या बांधून एक गवळी जात असतो. तो रोज जातो, पावसात जातो, त्याचे छायाचित्र कोणी काढीत नाही. त्याला ओलांडताना घंटी वाजवून बाजूला व्हायला लावणे आणि नमस्कार करून पुढे जाणे, यांत संस्काराचा फरक आहे.

याच रस्त्याने शाळेला जाणाऱ्या मुली असतात. गावात सातवीपर्यंत शाळा, पुढची शाळा चार-पाच किलोमीटरवर, आणि म्हणून मुलीचे शिक्षण थांबले, ही ग्रामीण भारताची जुनी व्यथा आहे. बिहारमध्ये २००६ साली नववीत जाणाऱ्या मुलींना सायकली देण्यास प्रारंभ झाला. पुढे अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला, तेव्हा माध्यमिक शाळेतील मुलींच्या प्रवेशात ३२ टक्के वाढ झाल्याचे आणि मुलगे-मुलींमधील अंतर ४० टक्क्यांनी घटल्याचे दिसून आले. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतील मुलींना सायकली दिल्या जातात. शहरातील घराच्या जिन्याखाली धूळ खात पडलेली सायकल खेड्यातील एखाद्या मुलीची दहावी ठरू शकते. सहलीहून परतल्यावर प्रत्येक गटाने अशा चार-सहा जुन्या सायकली दुरुस्त करून गरजू विद्यार्थिनींपर्यंत पोहोचवाव्यात. त्यासाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही. ज्याने स्वतःचे पंक्चर काढले आहे त्याला ब्रेकची तारही बदलता येते.

गावातून जाताना आणखी दोन पथ्ये. बिस्किटांची वेष्टने आणि पाण्याच्या बाटल्या पुढच्या मोठ्या गावापर्यंत आपल्याजवळच ठेवाव्यात. आणि कोणी प्रेमाने चहा दिला, पैसे घेण्यास नकार दिला, तर निदान त्या गावातील दुकानातून काही विकत घ्यावे. आतिथ्याची फेड करता येत नाही, पण त्याचा भार हलका करता येतो.

शेवटचा टप्पा

मैंदर्गीहून पुढे दुधनी, आणि मग कर्नाटकात शिरून गाणगापूर. सकाळी लवकर निघाले तर दुपारच्या आत संगमावर स्नान होऊ शकते. या शेवटच्या टप्प्यात एक मोह असतो. अंतर थोडे, रस्ता ओळखीचा वाटू लागलेला, पायांत चार दिवसांचा सराव. त्यामुळे जो तो आपापल्या वेगाने सुटतो. पहिला संगमावर पोहोचतो, छायाचित्र काढतो, घरी कळवितो. शेवटचा पोहोचतो तेव्हा पहिल्याचे स्नान, दर्शन, जेवण सर्व आटोपलेले असते. चार दिवस एकत्र आलेले लोक शेवटच्या चार तासांत विखुरतात आणि सहलीची आठवण दोन वेगळ्या प्रकारे घरी जाते.

हे टाळण्याचा उपाय अगदी साधा आहे. शेवटच्या दिवशी समूहातील सर्वांत मंद गतीच्या सहकाऱ्याला रांगेत दुसऱ्या क्रमांकावर ठेवावे. पहिल्या क्रमांकावर ठेवू नये, कारण तेथे वारा लागतो. शेवटीही ठेवू नये, कारण तेथे एकटेपण लागते. दुसऱ्या क्रमांकावर त्याला पुढच्याच्या पाठीचा आडोसा मिळतो. आणि पुढचा, जो समूहातील सर्वांत बळकट स्वार असावा, त्याने मागच्याच्या श्वासाचा आवाज ऐकत आपला वेग ठरवावा. श्वास चढला की वेग कमी करावा. पायांनी वेग वाढविणे चार दिवसांत कोणालाही साधते, कानांनी वेग कमी करणे साधायला मात्र मन तयार व्हावे लागते.

अशा रीतीने निघालेली रांग उद्या संगमावर कदाचित अर्धा तास उशिरा पोहोचेल. भीमा आणि अमरजा तोवर कोठे जात नाहीत. पाण्यात मात्र सर्वांनी एकदमच उतरावे.